रिव्हर्सचं गाणं

मास्तरांची अर्धी दाढी झाली होती, तेवढ्यात खालून शिट्टी आली.

नुसती शिट्टी असती तर मास्तरांनी ढुंकून बघितलं नसतं. पण सूर ओळखीचा होता. खिडकीतून वाकून बघितलं, तर दुधाची व्हॅन मागे मागे येत गेटात लागत होती आणि चालवणारा बाबा मान बाहेर काढून, मजेत, शिट्टीवर एक गाणं वाजवत होता. जे गाणं या जगात मूठभर माणसांनी ऐकलंय अशी मास्तरांची खात्री, नेमकं तेच.

मास्तर फेसासकट जिना उतरले.

"थांब! कुठून आणलंस?"

"दूध? डेअरीतून. रोजच्यासारखं."

"दूध नव्हे रे, गाणं! आत्ता शिट्टी मारत होतास ते!"

"मी?" दूधवाला खरंच विचारात पडला. "मी शिट्टी मारत होतो? मास्तर, तुमचा एक गाल राहिलाय बघा."

एवढं बोलून तो क्रेट उचलून आत गेलासुद्धा. मास्तर तिथंच उभे. गालावरचा फेस वाळत चालला होता आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आता ही आग कशाची, ते सांगायला हवं. मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. टपावर पाटी लावलेली छोटी गाडी, पायाशी एक जादा ब्रेक, आणि गावातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेलेले. पण ते झालं पोटासाठी. जीव होता तो खोलीत.

खोली म्हणजे चार भिंतींची नव्हे, नेटवरची. ज्या गाण्यांवर कुठल्या कंपनीचा छाप नाही, जी कुणीतरी आपल्याच घरात बसून स्वतः लिहिली, स्वतः गायली, स्वतःच रेकॉर्ड केली, अशी गाणी एकमेकांना ऐकवायची जागा. आत यायचं तर आतल्या दोघांनी तुमच्यासाठी शब्द द्यायचा. आणि आत आल्यावर एक नियम, तो मात्र दगडावरची रेघ. आतलं गाणं आत. बाहेर नेलं की माणूस बाद, पुन्हा तोंड दाखवायचं नाही.

एवढं कडक कशाला, असं कुणी विचारलं की मास्तर भडकायचे. "बाहेर गाण्याचं काय करतात बघितलंय? लिफ्टमध्ये लावतात! हापिसात फोन करा, 'थांबा' म्हणतात आणि कानात गाणं ओततात! तिकडे कुणीतरी जीव टाकून गायलेलं असतं आणि इकडे माणूस शिव्या घालत ऐकतोय. असलं मरण माझ्या खोलीतल्या गाण्याला नको!"

आणि खोलीतलं सगळ्यात लाडकं गाणं होतं कपाटवालीचं. ही बाई दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना खालची बारीक ओळ वाचायला लावायची आणि घरी आली की कपड्यांच्या कपाटात शिरून, दार ओढून घेऊन गायची. रस्त्याचा आवाज तिथं पोचत नाही म्हणून. तिच्या गाण्यात मध्येच हँगरची कट्ट होते. खोलीतल्या मंडळींना ती कट्टसुद्धा पाठ होती. तिला आत आणायला मास्तरांनी महिनेच्या महिने विनवण्या केल्या होत्या. आली ती एका अटीवर. "माझं गाणं बाहेर ऐकू आलं, तर मास्तर, मीपण बाहेर."

गाणं असं होतं.

सावकाश ये, घाई कशाची,
दार उघडंच आहे...

आणि हे गाणं आता दूधवाला शिट्टीवर वाजवत होता!

मास्तरांनी उरलेला गाल तसाच ठेवला, फोन उघडला आणि खोलीत सगळ्यांना दिसेल असं ठोकून दिलं, "खोलीत चोर आहे. कपाटवालीचं गाणं बाहेर फिरतंय. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. चोराने मुकाट्याने पुढे यावं."

चोर पुढे आला नाही. कपाटवाली मात्र आली. तिनं एवढंच लिहिलं, "रविवारपर्यंत चोर दाखवा. नाहीतर सगळी गाणी उचलून मी चालले."

"झालं समाधान?" मास्तरांची बायको म्हणाली. "तिला कुणी सांगितलं होतं? तुम्हीच बोंब मारली ना गावभर?"

"गावभर नाही, खोलीत! आणि गप्प बसू काय? उद्या घरात दरोडा पडला तर गप्प बसायचं?"

"अहो, शिट्टी मारली हो त्यानं. दरोडा कसला?"

पण मास्तर ऐकायच्या पलीकडे गेले होते. ते तपासाला लागले. पहिला हात पडला बेसुऱ्यावर. बेसुरा म्हणजे खोलीतला सगळ्यात जुना सभासद, धंद्यानं इलेक्ट्रिशियन, मास्तरांचा उजवा हात. गायला लागला की कुत्री जागा बदलायची, म्हणून हे नाव.

"डेअरीचं वायरिंग कुणी केलं?" मास्तरांनी फोनवर विचारलं.

"मीच केलं. का? फ्यूज उडाला काय?"

"आणि वायरिंग करताना गुणगुणत होतास?"

"मास्तर, मी गुणगुणलेलं गाणं दुसऱ्या कुणाला ओळखू तरी येतं का?"

मुद्दा बिनतोड होता. पण रागावलेल्या माणसाला बिनतोड मुद्दा दिला की राग वाढतो. मास्तरांनी बेसुऱ्याला खोलीबाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी बँकेसमोर एक बाई गाडी मागे घेत होत्या. काच खाली. ओठांवर, सावकाश ये, घाई कशाची. बँकेतला कॅशियर खोलीतला सभासद होता. मास्तरांनी संध्याकाळी त्याला काढला. तो बिचारा म्हणाला, "अहो, मी काचेच्या मागे बसतो, लोकांना माझं 'पुढच्या खिडकीवर जा' ऐकू येत नाही, गाणं कुठून येणार?" तरी काढला.

त्याच्या पुढच्या दिवशी तर कमाल झाली. शेजारच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ गेले. मास्तर अंत्ययात्रेला गेले, मान खाली घालून उभे होते. शववाहिनी मागे मागे येत दाराशी लागली आणि चालवणारा अगदी हलक्या आवाजात, भावपूर्ण चेहऱ्यानं म्हणत होता, "दार उघडंच आहे..." मंडळींना गहिवरून आलं. गेलेल्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "किती मायेचा माणूस!" मास्तर तिथंच थरथरायला लागले. लोकांना वाटलं, दुःखानं. एकानं पाठीवर हातसुद्धा ठेवला.

हारफुलं जिच्या दुकानातून आली होती ती फुलवाली खोलीत होती. तीही खोलीतून गेली.

असं करत करत मास्तरांनी खोली झाडूनपुसून साफ केली. कुणाचा भाऊ ट्रक चालवतो म्हणून तो गेला. कुणी उत्तर द्यायला उशीर केला म्हणून ती गेली. एकानं उत्तर फार लवकर दिलं, त्याला तर मास्तरांनी आधी काढला. शनिवारी सकाळी खोलीत दोनच माणसं उरली. मास्तर आणि कपाटवाली.

"मग आता चोर कोण?" बायकोनं विचारलं.

"तेच तर कळत नाही!"

बायकोनं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग विचार बदलून ती इस्त्री करायला गेली.

त्या दिवशी मास्तरांच्या गाडीत हेडबाई होत्या. शाळेतून रिटायर झालेल्या. सगळं आयुष्य दुसऱ्यांना ओळीत चालवलं, आता स्वतः गाडी चालवायची म्हणून शिकायला आलेल्या. स्टिअरिंग असं धरायच्या, जणू एखाद्या पोराचा कान धरलाय. चौकातून वळताना समोरच्या बांधकामापाशी सिमेंटचा एक भलामोठा ट्रक मागे यायला लागला. आणि मागे येताना ट्रक जे टीं टीं करतात, ते त्यानं केलं नाही. त्याच्या भोंग्यातून पत्र्याच्या आवाजात सूर निघाले.

सावकाश ये, घाई कशाची...

"बाई!" मास्तर किंचाळले. "तो ट्रक निघाला की त्याच्या मागे घ्या!"

"मागे म्हणजे रिव्हर्स?"

"नाही हो! पाठलाग!"

"मग नीट बोला. पाठलागाला कितवा गिअर?"

हेडबाईंनी दुसऱ्या गिअरच्या वर कधी काही बघितलं नव्हतं, त्यामुळे पाठलाग दुसऱ्यातच झाला. इंजिन बोंबलत होतं, एक सायकलवाला त्यांना ओलांडून पुढे गेला, पण ट्रकपण जड होता, तो काही निसटला नाही. पुढच्या सिग्नलला मास्तरांनी काच खाली करून ड्रायव्हरला विचारलं, "हा भोंगा कुठून बसवला?"

"मोठ्या पुलाखाली, हॉर्नवाल्याकडून! मास्तर, ओळखलं का? मी तुमच्याचकडे शिकलो!"

मास्तरांनी ओळखलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त हॉर्नवाला नाचत होता.

पुलाखाली भोंग्यांचं छोटं दुकान. भिंतीभर भोंगे टांगलेले, आणि मध्ये स्टुलावर बसून हॉर्नवाला तारा जोडत होता. मास्तरांना बघताच तो उठून उभा राहिला, फडक्यानं स्टूल पुसलं आणि म्हणाला, "या या, मास्तर! आज इकडे कुठे? बसा!"

"बसायला आलो नाही! हे गाणं तू चोरलंस कुठून?"

"कुठलं?"

मास्तरांनी गाऊन दाखवलं. रागात गायलं, तरी दुकानातली दोन गिऱ्हाइकं माना डोलवायला लागली.

"हां, ते रिव्हर्सचं होय?" हॉर्नवाला खूश होऊन म्हणाला. "लोक तेच मागतात. आधीचं टीं टीं कुणी घेतच नाही. म्हणून मी सूर बसवून टाकला."

"पण तू ऐकलंस कुठं?"

हॉर्नवाल्याचा चेहरा उतरला. मास्तर आपली परीक्षा घेतायत असं त्याला वाटलं असावं. "तुमच्या गाडीत, मास्तर. आणखी कुठं? मागे घ्यायची म्हटलं की माझे हातपाय गार पडायचे. तेव्हा तुम्ही म्हणालात, क्लच सोडायची घाई करू नको, थांब, एक गाणं लावतो, त्याच्या ठेक्यावर सोड. लावलंत ना फोनवर? तुम्ही सगळ्यांनाच लावता. मी तर समजत होतो कायदाच आहे. गाडी मागे घेताना हेच म्हणायचं."

वरून पुलावरून एक बस गेली, भिंतीवरचे भोंगे थोडे थरथरले.

"हे बघ," मास्तर शेवटी म्हणाले, पण आवाजातली हवा गेली होती. "गाडी म्हणजे बाहेर नव्हे. काचा वर असतात. मी काचा वर केल्याशिवाय कधीही खोली उघडली नाही. एकदाही नाही!"

हेडबाई मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काचा वर होत्या हो. पण माणसं उतरत होती ना?"

घरी येऊन मास्तर खुर्चीत बसले आणि बूटसुद्धा काढले नाहीत.

"मला वाटलंच होतं," बायको म्हणाली. "मीपण त्याच गाण्यावर शिकले. अजून कपड्यांची ट्रॉली मागे ओढताना तेच येतं तोंडात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मलापण काढलं असतंत. बेसुऱ्याला काढलंत, माझी काय कथा?"

"तू खोलीत नव्हतीसच!"

"तुमचा काय भरवसा? घरातून काढलं असतंत."

मास्तरांनी बेसुऱ्याला फोन लावला. फार जड फोन होता तो. सगळं सांगितलं आणि म्हणाले, "चुकलं. ये परत आत."

बेसुरा बराच वेळ हसला. मग म्हणाला, "येतो की. पण नियम काय? आतल्या दोघांनी शब्द द्यायचा. एक तुम्ही. दुसरी कपाटवाली. ती उद्या चालली. मास्तर, तिला थांबवा, नाहीतर खोलीत तुम्ही एकटे आणि दाराला आतून कडी. आम्ही सगळे बाहेर जिन्यात बसलोय असं समजा."

रविवारी मास्तर पत्ता शोधत कपाटवालीच्या दाराशी उभे राहिले. तोवर एकमेकांना कधी बघितलेलं नव्हतं, सगळं खोलीतच. बाई बुटकी, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बघत होती असं की मास्तरांना उगाच वाटलं, आपल्याला आता खालची ओळ वाचता येणार नाही.

"चोर सापडला?"

"सापडला."

"कोण?"

मास्तरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. दूधवाला, बँक, शववाहिनी, सिमेंटचा ट्रक. सांगताना मध्येच स्वतःचाच राग येऊन म्हणाले, "नियम मी केला, मोडला मी, आणि शिक्षा वाटत फिरलो दुसऱ्यांना! मला बाद करा. चाव्या तुमच्याकडे घ्या. पण गाणी नेऊ नका. तुम्ही गेलात की खोली गेली."

कपाटवालीनं चष्मा नाकावर वर ढकलला. मास्तरांना वाटलं, आता दार लागणार.

"ट्रकवर कुठपर्यंत वाजतं?" तिनं विचारलं.

"अं?"

"गाणं. कुठपर्यंत?"

"दार उघडंच आहे, इथपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून."

"आणि शववाहिनीवाला?"

"तोपण तिथपर्यंतच."

"दूधवाला?"

मास्तरांच्या लक्षात यायला लागलं. "गाडी लागेपर्यंत तेवढंच होतं हो. मी पोरांना शिकवताना चुकलं की पुन्हा पहिल्यापासून लावायचो. पुढचं कडवं आजवर कुणी..."

"कुणीच ऐकलेलं नाही!" कपाटवालीचा आवाज असा चढला की आतल्या खोलीत कुणाचा तरी चमचा पडला. "अख्खं गाव दोन ओळी म्हणत फिरतंय! मी ते गाणं बाहेर का नेऊ दिलं नाही, विचारलंत कधी? एकदा एका समारंभात गायले. दोन ओळी झाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खायला उठले. गाणं तर पुढंच आहे! मला चोरांचा राग नाही मास्तर, मला अर्धं ऐकणाऱ्यांचा राग आहे. आणि तुम्ही तर अर्धं ऐकणाऱ्यांची शाळाच काढलीत!"

मास्तर चोरीची बोलणी खायच्या तयारीनं आले होते, हे नवीनच होतं.

"मी जात नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही हे निस्तरायचं. कधी आहे पुढची शिकवणी?"

"आत्ताच. हेडबाईंची. मैदानावर."

"थांबा, चपला घालते."

मैदान मोकळं होतं. हेडबाई पुढे, शेजारी मास्तर, मागच्या सीटवर कपाटवाली. मास्तरांनी सवयीनं काचा वर केल्या. कपाटवालीनं मागून हात घालून सगळ्या खाली केल्या.

गाणं लागलं. हेडबाईंनी क्लच सोडला, गाडी गोगलगायीसारखी मागे निघाली. सावकाश ये, घाई कशाची, दार उघडंच आहे. इथं मास्तरांचा हात आपोआप फोनकडे गेला. मागून त्या हातावर एक चापट बसली.

हँगर कट्ट झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांच्या गाडीत दुसरं कडवं सुरू झालं.

आलास? बस. बूट काढू नको,
आधी सांग, इतके दिवस होतास कुठे?
शेजारणीला सांगितलेलं नको सांगू,
खरं खरं सांग...

"अगं बाई!" हेडबाईंचा पाय ब्रेकवर जाता जाता राहिला. "मला वाटलं स्वागताचं गाणं आहे! ही तर त्याला फैलावर घेतेय!"

"मग?" मागून कपाटवाली म्हणाली. "उगाच का दार उघडं ठेवलं होतं?"

हेडबाईंच्या डोळ्यांत असं काही तेज आलं, जे शाळा सोडल्यापासून तिथं आलं नसावं. गाडी मागे चालली होती, चाक हातात हलकं झालं होतं, वळण आपोआप जमत होतं. गाण्यातली बाई एकेक प्रश्न विचारत होती आणि प्रत्येक प्रश्नाला हेडबाई "बरोब्बर!" म्हणत होत्या. मैदानाच्या कडेला क्रिकेट खेळणारी माणसं खेळ थांबवून बघायला लागली, कारण गाडी उलटी चालत होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती.

"बाई, ब्रेक," मास्तर म्हणाले. "मागं भिंत आली."

"थांबा हो! त्याला घरात घेतला की नाही ते कळू दे."

"अजून एक कडवं आहे," कपाटवाली म्हणाली. "डावीकडे वळवा, भिंतीच्या कडेनं जागा आहे."

"अहो, जादा ब्रेक माझ्या पायाशी आहे, मी दाबीन हं!" मास्तर कळवळून म्हणाले.

दोघी एकदमच त्यांच्यावर खेकसल्या, "मास्तर, गाणं चालू आहे!"